साक्षीला कागद

संग्रहालयांच्या नोंदवहीत एक ठरलेला रकाना असतो: ‘कागदावरची कामं’. रेखाटनं, जलरंग, मुद्राचित्रं, सगळं त्यात जातं. बंगाली कलावंत सोमनाथ होर यांच्या ‘वुंड्स’, म्हणजे ‘जखमा’, या मालिकेतले कागदही त्याच रकान्यात नोंदले जातात आणि तिथेच पहिली अडचण उभी राहते. या कागदांवर काहीच नाही. शाई नाही, पेन्सिलीची रेघ नाही, रंग असलाच तर क्वचित कुठे लाल ठिपका. पांढऱ्या कागदात पांढऱ्याच खाचा, भेगा, खड्डे आणि त्यांच्या कडांना उचलून आलेले ओठ, एवढंच. जे आहे ते कागदात आहे. शांतिनिकेतनमध्ये १९७१ च्या सुमारास सुरू झालेली ही मालिका भारतीय आधुनिक कलेतल्या सर्वांत अमूर्त कामांमध्ये धरली जाते. माझ्या मते ती तितकीच थेटही आहे. दुष्काळाची आणि शेतकरी लढ्याची रेखाटनं करणारा हा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमूर्ताकडे वळला म्हणजे माणसांपासून दूर गेला, असं म्हणता येईल का? तसं म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण हे कागद ज्या रीतीने घडवले गेले त्या रीतीतच सापडतं.

होर यांचा जन्म १९२१ चा, चितगाव जिल्ह्यातला. १९४२ मध्ये जपानी विमानांनी त्या भागात बाँब टाकले आणि पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ आला. या दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज वीस लाखांपासून तीस लाखांच्याही पुढे जातात. ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ, युद्धकाळातली धान्यखरेदी, भडकलेले भाव, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीतल्या लोकांच्या होड्या काढून घेण्याचं सरकारी धोरण, अशी कारणांची एक लांब साखळी त्यामागे होती. विशीतले होर तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचं काम करत होते. चित्रकार चित्तप्रसाद यांनी त्यांना सोबत घेतलं आणि भुकेल्या, आजारी माणसांसमोर बसून त्यांची रेखाटनं करायची वाट दाखवली. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत येऊन कित्येक वर्षं अंधेरीत राहिले. मिदनापूरच्या दुष्काळावरचं त्यांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे सचित्र पुस्तकही मुंबईतूनच निघालं होतं आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या होत्या. कागदावरची साक्ष किती जड असते याचा तो पुरावाच म्हणायला हवा. १९४६ च्या डिसेंबरात होर उत्तर बंगालमधल्या रंगपूरला गेले. तिथे बटाईदार शेतकरी अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश पिकाचा वाटा मागत होते. या तेभागा आंदोलनात होर शेतकऱ्यांमध्ये राहिले, डायरी लिहिली, रेखाटनं केली. त्या पानांवर माणसं आहेत, धान्याचे भारे आहेत, रात्रीच्या सभा आहेत. ‘जखमा’ पाहणाऱ्याने ही रेखाटनं आधी पाहावीत, कारण चितारायला माणसं येत नव्हती म्हणून कुणी अमूर्ताकडे गेला अशी ही गोष्ट नाही.

कलकत्त्याच्या सरकारी कला महाविद्यालयात होर मुद्राचित्रण शिकले. १९५८ मध्ये ते दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये मुद्राचित्रण विभाग सांभाळायला गेले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस, शांतिनिकेतनच्या कला भवनाचे तेव्हाचे प्राचार्य दिनकर कौशिक यांच्या बोलावण्यावरून, तिथे शिकवायला आले. म्हणजे ‘जखमा’ सुरू होण्याआधी वीसेक वर्षं त्यांचे हात लाकडात आणि धातूच्या पत्र्यात काम करत होते. एचिंगची रीत पाहिली तर या वर्षांचं महत्त्व कळतं. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ॲसिड न लागू देणारा एक थर चढवतात. सुईने तो थर खरवडून रेघ काढतात. मग पत्रा ॲसिडात सोडतात, आणि जिथे थर निघाला आहे तिथे ॲसिड धातू खात जातं. जितका वेळ ठेवाल तितकी खोल रेघ. नंतर त्या खाचांमध्ये शाई चोळून भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळाच्या दाबाखालून काढायचा. खरी हिंसा पत्र्यावर होते आणि कागदाला तिची नुसती बातमी पोचते, काळ्या रेघेच्या रूपाने. वीस वर्षं रोज हे करणाऱ्या माणसाला एक दिवस असा प्रश्न पडणं मला अगदी स्वाभाविक वाटतं की ही मधली शाई काढून टाकली तर काय होईल? पत्र्याने जे भोगलं ते कागदापर्यंत जसंच्या तसं पोचवता येईल का?

होर यांनी काढलेला मार्ग असा. मातीची सपाट लादी थापायची. तिच्यावर चाकूने आणि तशाच धारदार, टोकदार हत्यारांनी वार करायचे: चिरायचं, भोसकायचं, ओरबाडायचं. ओल्या मातीत पातं ओढलं की माती कापली जाते, आणि कापली जाताना दोन्ही बाजूंना थोडी सरकते, वर उचलली जाते. पातं जिथे थांबलं तिथे मातीचा एक लहानसा गोळा अडकून राहतो. वार डावीकडून आला की उजवीकडून, हात जोरात होता की संथ, हे सगळं त्या कडांवर लिहिलं जातं. मग या लादीवरून सिमेंटचा साचा घ्यायचा. मातीत जिथे खाच होती तिथे साच्यात उंचवटा येतो, आणि जिथे ओठ उचलला होता तिथे खळगा. या साच्यावर कागदाचा ओला लगदा पसरायचा, दाबायचा, त्यातलं पाणी टिपून घ्यायचं आणि वाळू द्यायचं. वाळलेला कागद सोडवला की त्यात मातीवरची खाच पुन्हा खाच म्हणून येते आणि ओठ पुन्हा ओठ म्हणून. एरवी ठशावरून छापलेलं चित्र उलटं येतं, डावं उजवीकडे जातं. इथे उलटापालट दोनदा होते, त्यामुळे कागद मातीसारखाच सुलटा निघतो. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात साच्यात शाडू किंवा कागदाचा लगदा दाबून मूर्ती काढतात, ती रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. आधी मूळ रूप, मग साचा, मग त्यातून काढलेली प्रत, ही शिल्पकाराची साखळी आहे. होर यांनी ब्राँझमध्ये काम सुरू केलं ते १९७४ पासून. पण त्याआधी तीन वर्षं ते कागदात शिल्पकाराचंच काम करत होते, असं मी म्हणेन.

यावर मुद्राचित्रणाचा जाणकार सहज म्हणेल, की शाईविना उठाव देणं ही काही नवी गोष्ट नाही. खरंच आहे ते. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत किमोनोची वीण किंवा बर्फाचा पोत दाखवायला कोरडा ठसा दाबून कागद उठवण्याची पद्धत शतकांपूर्वीपासून होती. पण त्या पद्धतीत आणि इथल्या पद्धतीत एक मूलभूत फरक आहे आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार त्या फरकावर आहे. कोरड्या ठशाने उठवलेला कागद आधी तयार झालेला असतो. तो सपाट होता, मग दाबला गेला. त्याला आधीची एक साबूत अवस्था असते आणि पाण्यात भिजवून वजनाखाली ठेवला तर तो त्या अवस्थेकडे थोडाफार परतही जातो. होर यांचा कागद साच्यावरच जन्मतो. लगद्यात वनस्पतीचे सूक्ष्म तंतू पाण्यात सुटे तरंगत असतात. पाणी निघून जातं तसे ते एकमेकांजवळ येतात, गुंततात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. कागद म्हणजे तंतूंची ती पकडच. इथे ती पकड बसते तीच वाराच्या आकारावर. म्हणजे या कागदाला जखमेआधीची अवस्थाच नाही. तो कधी सपाट नव्हता, कोरा नव्हता. एखादी पिढी दुष्काळातच जाणती होते, एखाद्या मुलाला निर्वासितांच्या छावणीबाहेरचं जग ठाऊकच नसतं. तशा जगण्याचं चित्र काढणं एक, आणि त्या जगण्याची घडणच साहित्यात उतरवणं वेगळं. होर यांनी दुसरं केलं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. जखम झाली ती मातीला. चाकू कागदापर्यंत पोचलाच नाही. लगदा तर साच्यावर मऊपणे पसरला गेला, त्याला कुणी भोसकलं नाही. मग या कागदाला जखम म्हणणं ही फसवणूक नाही का? इटालियन कलावंत लुचिओ फोंताना, मुळात शिल्पकारच, १९५८ पासून ताणलेल्या कॅनव्हासवर सरळ पातं चालवत होता. तिथे चीर खरी आहे, कापड खरंच कापलेलं आहे, आणि फटीतून मागचा काळोख दिसतो. फोंतानाला त्या फटीतून दिसणारी पोकळी, चित्राच्या पलीकडचा अवकाश, हवा होता. कापडाचं काय झालं याची त्याला फारशी फिकीर नव्हती. होर यांच्याकडे ज्याला वार लागला ती माती या प्रक्रियेत संपते. तिचं काम साचा होईपर्यंत. कागद नंतर येतो आणि तिच्या शरीरावर काय घडलं ते कणाकणाने स्वतःच्या अंगावर घेतो. हे काम साक्षीदाराचं आहे. साक्षीदाराला मार लागलेला नसतो, पण ज्याला लागला तो बोलायला उरलेला नसतो. चितगावमध्ये, रंगपूरमध्ये होर स्वतः याच जागी उभे होते. ते उपाशी नव्हते, उपाशी माणसांसमोर वही घेऊन बसले होते. या जागेची नैतिक अडचण प्रामाणिक माणसाला आयुष्यभर टोचते: मी पाहिलं, माझं काही गेलं नाही, आणि आता मी याचं काय करू? ‘जखमा’ची रीत या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे असं मला वाटतं. पॉम्पेईच्या राखेत गाडलेली शरीरं नाहीशी झाली, पण त्यांच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली याने त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतलं आणि मरतानाची माणसं पुन्हा समोर आली. त्या प्लास्टरला कुणी खोटं म्हणत नाही. त्यानेही काही सोसलेलं नसतं, तरी त्याच्याइतकी नेमकी साक्ष दुसऱ्या कशाची नाही.

दुसरा आक्षेप शीर्षकाविषयीचा आहे आणि तो अनेकदा ऐकू येतो. पाटीवर ‘जखमा’ असं लिहिलेलं नसतं तर हे कागद कोरड्या नदीपात्रासारखे, पोपडे गेलेल्या भिंतीसारखे, सालीसारखे दिसले असते. अर्थ कागदात नाही, पाटीत आहे. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पाटी काढली तर यातले काही कागद भिंतच वाटतील. पण तसं वाटणं म्हणजे अर्थ हुकणं, हे मी मानत नाही. मराठीतले शब्दच पाहा. भेग टाचेला पडते, भिंतीला पडते आणि उन्हाळ्यात जमिनीलाही पडते. चीर ओठाला जाते तशी फरशीलाही जाते. ओरखडा गालावर उठतो आणि कपाटाच्या दारावरही. घाव माणसावर बसतो, झाडावर बसतो. खोक मात्र डोक्यालाच पडते, तो शब्द शरीराचा म्हणूनच राहिला. आपल्या भाषेने या खुणांना नावं देताना बहुतेक वेळा त्या कुणाच्या अंगावर आहेत हे विचारलंच नाही. होर यांनी स्वतःही असंच म्हटलं आहे, की त्यांना जखमा सगळीकडे दिसत होत्या: झाडाच्या खोडावर, मालमोटारीच्या चाकाने उकरलेल्या रस्त्यावर, विनाकारण सुरा खाल्लेल्या माणसावर. या सगळ्यांतून त्यांनी झाड, रस्ता आणि माणूस वजा केले आणि उरलं ते ठेवलं. अमूर्त हा शब्द ऐकला की आपण कल्पनेच्या, आकाराच्या खेळाचा विचार करतो. इथे अमूर्त म्हणजे शुद्ध वजाबाकी आहे, आणि उरलेली बाकी अतिशय मूर्त आहे, बोट फिरवलं तर बोटाला लागेल अशी. शिवाय पाटी नसली तरी त्या उचललेल्या कडा बोलतातच. पाण्याने झिजलेली कडा गोल असते, उन्हाने तडकलेली कडा कोरडी आणि दोन्हीकडे सारखी असते. पात्याने कापलेल्या कडेला दिशा असते. हे इथे कुणीतरी केलं आहे, एवढं तरी तो कागद पाटीविना सांगतो.

कुणी केलं, हे मात्र तो सांगत नाही, आणि तिसरा आक्षेप इथून सुरू होतो. तेभागाच्या रेखाटनांमागे जमीनदार होता, बटाईने जमीन देणारा जोतदार होता, कोण कुणाचं धान्य नेतो आहे ते कळत होतं. दुष्काळालाही कारणं होती, धोरणं होती, ती आखणारी माणसं होती. नुसती जखम दाखवली आणि हात दाखवला नाही तर सगळी दुःखं सारखीच होतात, आणि दुःखं सारखी झाली की कुणाला जाब विचारायचा उरत नाही. डाव्या विचाराचा माणूस हा आक्षेप घेईल आणि त्याने तो घ्यायलाच हवा. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘जखमा’ आरोपपत्र नाही, आणि आरोपपत्राची गरज असते तिथे तिचा उपयोगही नाही. पण १९७१ चा बंगाल डोळ्यांसमोर आणला तर या निवडीमागची निकड कळते. सीमेपलीकडे, होर यांचं जन्मगाव ज्या देशात गेलं होतं त्या पूर्व पाकिस्तानात, लष्कर माणसं मारत होतं, आणि कोटीच्या घरात निर्वासित भारतात येत होते. अलीकडे पश्चिम बंगालमध्ये नक्षलवादी तरुण, पोलीस आणि पक्षांचे कार्यकर्ते यांच्यातला रक्तपात गल्लीबोळांत पोचला होता. व्हिएतनाममध्ये युद्ध चालूच होतं. वार करणारा हात आता एकच नव्हता, आणि काही हात ज्यांना आपलं म्हणावं अशांचे होते. अशा वेळी प्रत्येक चित्राला बाजू घ्यावी लागते, आणि बाजू घेतली की दुसऱ्या बाजूची जखम जखम वाटेनाशी होते. होर यांनी हात वगळला तो त्याला वाचवायला नव्हे. प्रेक्षकाने आधी हाताची ओळख पटवून मग हळहळायचं की नाही ते ठरवावं, ही सोय त्यांनी काढून घेतली. राजकारणातून ही माघार होती असं मला वाटत नाही, कारण हीच सोय त्या काळातल्या राजकारणाला सर्वांत जास्त हवी होती.

हे कागद सुंदर आहेत, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. शुभ्र पृष्ठभाग, त्यावरच्या मऊ सावल्या, रिकाम्या जागेचा तोल. दिवाणखान्यात लावले तर शोभतील असे आहेत ते. दुःखातून शोभेची वस्तू घडवणं हा गुन्हा नाही का? इथे सगळे कागद एका मापाने मोजू नयेत. ज्या कागदांवर खाचा नीट विखुरलेल्या आहेत, मोकळी जागा मोजून सोडलेली वाटते, तिथे मांडणी वारावर मात करते. ते मला या मालिकेतले दुबळे कागद वाटतात. जिथे एकाच जागी पुन्हापुन्हा वार झाला आहे, कागद एका कोपऱ्यात गचाळ, जाड, जवळजवळ कुजल्यासारखा झाला आहे आणि उरलेला भाग त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखा पसरला आहे, तिथे डोळ्याला शोभा शोधायची सवड मिळत नाही. लाल रंगाबद्दलही माझं मत ठाम आहे. लाल ठिपका आला की तो रक्त होतो, रक्त आलं की देखावा होतो आणि कागद पुन्हा चित्राच्या जगात परत जातो. पूर्ण पांढरे कागद अधिक कठोर आहेत, कारण रक्त ही ताज्या जखमेची खूण आहे आणि पांढऱ्यात काळाचा काहीच हिशेब लागत नाही. कालची की तीस वर्षांपूर्वीची, हे कळत नाही. १९४३ मध्ये पाहिलेलं १९७१ मध्ये कागदात उतरवणाऱ्याला तो पांढरा रंगच खरा वाटला असावा. सौंदर्याचा आक्षेप याने पूर्ण मिटत नाही. पण भुकेल्या माणसाचं हुबेहूब रेखाटन भिंतीवर लावून पाहण्यातही एक सुख दडलेलं असतं, दया वाटल्याचं सुख, आणि ते सुख मला या पांढऱ्या शोभेपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ‘जखमा’समोर दया दाखवायला कुणी नसतं.

हे सगळं दिसतं का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो संग्रहालयाचा प्रश्न आहे. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने होर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०२२ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याला नाव दिलं होतं ‘बर्थ ऑफ अ व्हाइट रोझ’. होर यांच्या साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका मुद्राचित्राचं ते नाव, आणि पांढरा त्यांच्या मनात किती आधीपासून होता याची त्या नावातच खूण आहे. अशा कामांना प्रकाश हीच शाई. कागदासाठी संग्रहालयं साधारण पन्नास लक्सच्या आसपास मंद उजेड ठेवतात, कारण जास्त उजेडाने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. मंद उजेड या कागदांना चालतो, समोरून येणारा सपाट उजेड चालत नाही. दिवा समोर असला की खाचेच्या दोन्ही भिंती सारख्याच उजळतात, सावली पडायला जागा राहत नाही आणि प्रेक्षकाला कोरा कागद दिसतो. तोच दिवा बाजूने, कागदाला जवळजवळ घासून जाईल असा लावला, की प्रत्येक ओठाची सावली पडते आणि सुईच्या टोकाएवढा खड्डाही दिसू लागतो. काच लावली की प्रेक्षकाचं स्वतःचं प्रतिबिंब मध्ये येतं. पुस्तकातल्या छपाईत तर हे काम बहुधा करड्या रंगाचा एक चौकोन होऊन बसतं. ज्यांनी ‘जखमा’ फक्त छापील पानांवर पाहिल्या आहेत त्यांनी त्या अजून पाहिलेल्याच नाहीत, असं म्हणण्यावाचून इलाज नाही. रेघ काळी असती तर वाईट छपाईतही वाचली गेली असती. उठाव तसा वाचता येत नाही. त्याच्यासमोर उभं राहून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकत पाहावं लागतं, अगदी शिल्पाभोवती फिरतो तसं.

१९७४ मध्ये होर ब्राँझकडे वळले आणि माणूस परत आला. ही लहान शिल्पं त्यांनी मेणाच्या पातळ पत्र्यांतून केली: पत्रा कापायचा, फाडायचा, दुमडायचा, जोडायचा, मग मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओतायचा. त्यातून कुत्री झाली, भिकारी झाले, आई आणि मूल झाली. त्या शरीरांना भरीव मांस नाही. ती फटींनी, भोकांनी, उघड्या शिरांसारख्या नळ्यांनी बनलेली आहेत, आणि त्यांच्या पाठीवरची प्रत्येक चीर तीन वर्षं लगद्यात सराव झालेल्या हाताची आहे. अमूर्ताने होर यांना माणसापासून दूर नेलं असतं तर हे शक्य झालं नसतं. त्यांनी आधी शरीर काढून जखम वेगळी केली, ती पुरती ओळखली आणि मग त्या जखमेभोवती शरीर पुन्हा उभं केलं. यातलं एक मोठं ब्राँझ, व्हिएतनामच्या लोकांच्या झुंजीला वाहिलेलं आई आणि मुलाचं शिल्प, पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत कला भवनातून चोरीला गेलं. धातू टिकाऊ आणि कागद नाशवंत असं आपण धरून चालतो. ते ब्राँझ गेलं, आणि लगद्याचे पांढरे कागद संग्रहांच्या सपाट खणांमध्ये, एकेक वेगळा आणि वर काहीही दाबून न ठेवता, जपून ठेवलेले आहेत, कारण वजन पडलं तर त्या उचललेल्या कडा चेपतील.